'गुंतता हृदय हे': पद, नाटक, मालिका आणि आता आमच्या गावचं जत्रेतलं नाटक

खाडीवारा

नमस्कार मंडळी. मांडवीकाठच्या आमच्या गावात देवीच्या जत्रेला नाटक होतं. बहुतेक वेळा मुंबईच्या रंगभूमीवर गाजलेलंच काहीतरी आम्ही बसवतो. यंदा गावातल्याच एका मुलीनं लिहिलेलं नवं कोरं तीन अंकी नाटक घेतलं आहे आणि दिग्दर्शन माझ्याकडे आहे.

नायिका होडीवाल्याची लेक, सकाळी म्हापशाच्या बाजारात मासळी विकते. नदीचा अभ्यास करायला शहरातून एक मुलगा येतो, गावात भाड्यानं राहतो, तिच्या बापाच्या होडीतून हिंडतो. दोघांचं जुळतं. काम संपल्यावर तो निघून जातो. पहिला अंक इथे संपतो. पुढचे दोन अंक तिचे आहेत.

लेखिकेनं नाटकाला नाव दिलंय 'गुंतता हृदय हे'. त्यावरून मंडळात दोन तट पडलेत. ज्येष्ठ म्हणतात, हे 'मत्स्यगंधा'तलं पद, रामदास कामतांच्या गळ्यातलं, त्याला हात लावू नका. तरुण मंडळी म्हणतात, या नावाची मालिका येऊन गेली, फलकावर नाव वाचून लोक 'टीव्हीवरचंच ना?' विचारतील. आणि खरंच विचारलं! फेरीधक्क्याजवळच्या फळ्यावर खडूनं नाव लिहिलं त्याच संध्याकाळी दोघांनी मला तेच विचारलं.

मला ठाऊक असलेला या ओळीचा प्रवास असा. 1964 मध्ये मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशननं वसंत कानेटकरांचं 'मत्स्यगंधा' रंगमंचावर आणलं. पदंही बहुतेक त्यांचीच. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं, पराशराच्या भूमिकेत साखळीचे रामदास कामत, मत्स्यगंधा आशालता, त्याही गोव्याच्याच. 'गुंतता हृदय हे कमलदलाच्या पाशी' हे पराशराचं पद. पुढे शं. ना. नवरे यांनी याच नावाचं नाटक लिहिलं. मग 2011 मध्ये झी मराठीवर याच नावाची मालिका आली. संदीप कुलकर्णी, मृणाल कुलकर्णी आणि पल्लवी सुभाष होते तीत.

म्हणजे आमचं नाटक या रांगेत चौथं. नाव ठेवावं की बदलावं? मोकळेपणानं सांगा.

रंगपट

बदला.

गावकुसातल्या नव्या लेखिकेचं पहिलं नाटक आहे, त्याला स्वतःचं नाव हवं. उसन्या नावाचा तोटा असा की पडदा वर जाताना प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच दुसरं काहीतरी चालू असतं. तुमची पात्रं बोलायला लागतात आणि तो मनात पद गुणगुणत बसतो किंवा मालिकेतले चेहरे शोधतो. पहिला प्रवेश फुकट जातो.

टीव्हीवाल्यांना हे चालतं, कारण त्यांना ओळखच विकायची असते. 'या सुखांनो या' हे 'एकटी'मधलं गाणं, पुढे मालिका. 'का रे दुरावा' 1970 च्या 'मुंबईचा जावई'तलं, पुढे मालिका. 'तुला पाहते रे' 1960 च्या 'जगाच्या पाठीवर'मधलं, 2018 मध्ये मालिका. लोकांनी ज्या गाण्यांवर आधीच जीव लावलाय ती नावं घेतली की जाहिरातीचं अर्धं काम झालं.

शेवटचं उदाहरण जरा नीट बघा. गाण्याची पुढची ओळ 'जरी आंधळी मी तुला पाहते'. सिनेमात ती मुलगी दृष्टिहीन आहे, म्हणून 'पाहते' म्हणताना काळजात कळ येते. मालिका वयात मोठं अंतर असलेल्या जोडीची. ओळीचा पुढचा अर्धा भाग कापून टाकला आणि उरलेला दारावर पाटीसारखा लावला. गाण्याचा जीव होता तो कापलेल्या भागातच.

अबोली

रंगपट, तुमचा मुद्दा कळतो, पण दुसरी बाजूही आहे. माझ्या मुलीनं ही ओळ पहिल्यांदा मालिकेचं नाव म्हणूनच ऐकली. संगीत नाटक म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. मी तिला रामदास कामतांचं ध्वनिमुद्रण लावून दिलं. ती गप्प बसून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, 'परत लाव.' आज ती फोंड्यात गाणं शिकतेय. मालिका आली नसती तर हे पद तिच्यापर्यंत कधी आणि कसं पोचलं असतं, मला सांगता येणार नाही.

जुनी ओळ नव्या नावातून पुन्हा लोकांच्या तोंडी येत असेल तर मला त्यात वाईट दिसत नाही.

रंगपट

अबोलीताई, तुमच्या घरी ध्वनिमुद्रण लावून देणारी आई होती. दहातल्या नऊ घरांत ओळ मालिकेपाशीच थांबते. पण मुलगी गाणं शिकतेय हे वाचून बरं वाटलं, मनापासून.

मधला स्वर

मी पेटी वाजवतो. देवळातल्या नाटकांना वाजवत वाजवत म्हातारा झालो. या पदाविषयी बोलल्याशिवाय राहवत नाही.

'मत्स्यगंधा' आलं तेव्हा गोवा मुक्त होऊन तीनच वर्षं झाली होती. इथल्या देवळांत संगीत नाटकं त्याआधीपासून होत होतीच, पण मुंबईच्या रंगमंचावर एकाच नाटकात संगीतकार मंगेशीचा, गायक साखळीचा आणि नायिकाही आपलीच, याचं लोकांना केवढं अप्रूप! गावागावांत जत्रेला 'मत्स्यगंधा' बसवायची हौस त्यातून आली. मंडळातल्या ज्येष्ठांना नावाला हात लावू नये असं वाटतं, त्यामागे ही सगळी माया आहे. त्यांना जुनाट म्हणून बाजूला सारू नका.

आता पदाबद्दल. अभिषेकीबुवांची चाल ऐकायला सोपी वाटते आणि गाताना घाम काढते. मुलं शिकायला येतात तेव्हा पहिला शब्द घाईत टाकतात आणि सगळा जोर 'हृदय'वर देतात. मी त्यांना थांबवतो. गुंतणं एका झटक्यात होत नसतं, ते हळूहळू होतं, गळ्यानंही तसंच जायला हवं. एकेका पोराला एवढं समजायला महिने लागतात. कामतांच्या गाण्यात शब्द स्वच्छ ऐकू येतात, तानेखाली एकही अक्षर दडपलं जात नाही, आणि तरी ते सुरावर तरंगत असतात. आमच्या देवळात हे पद सुरू झालं की मागच्या बाकांवरची माणसं ओठ हलवत असायची. पद संपल्यावर वन्समोअर आला नाही अशी रात्र मला आठवत नाही.

म्हणून खाडीवारा, मला एकच विचारायचंय. तुमच्या नाटकात हे पद आहे का? नुसतं नाव घेतलंय आणि गाणं कुठेच नाही, असं असेल तर मागच्या बाकांवरची माणसं रात्रभर वाट बघत बसतील.

चाफेकळी

मास्तर, केवढं सुंदर लिहिलंत!

या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे. 'मत्स्यगंधा'तून बाहेर पडलेली ही एकच ओळ नाही. आशालताबाईंनी गायलेलं 'गर्द सभोवती रान साजणी' आठवा. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नावच 'गर्द सभोवती' आहे. 2020 मध्ये त्या गेल्या. त्यानंतर मी ते पुस्तक पुन्हा हातात घेतलं, तेव्हा नाव वाचतानाच त्यांचा आवाज कानात आला. हे उसनं नाव म्हणायचं का? ते पद त्यांनी इतकं आपलंसं केलं होतं की दुसरं नाव त्या पुस्तकाला शोभलंच नसतं.

आणि ही कविता मुळात कानेटकरांची नाही, बालकवींची आहे! म्हणजे ज्या नाटकाच्या ओळीवर आपण हक्क सांगतोय त्या नाटकानंच एका जुन्या कवीची ओळ मानानं आपल्या घरी आणली होती. मत्स्यगंधेच्या तोंडी ती अशी बसली की आज कित्येकांना ती नाटकासाठीच लिहिली असं वाटतं.

याच नाटकातलं 'साद देती हिमशिखरे' घ्या. याच नावानं जी. के. प्रधानांचं पुस्तक मराठीत घरोघरी वाचलं गेलं. पुस्तकाचं नाव निघालं की काहींच्या ओठांवर पद येतं आणि पद लागलं की काहींना पुस्तकातला हिमालय दिसतो. दोघांनी एकमेकांचं काही बिघडवलं नाही.

दर्यागाज

धागा वाचतोय, फार चांगली चर्चा चाललीय. आमच्या कोंकणीतलं उदाहरण देतो. संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांचं 'नाचुंया कुंपासार' कुठल्या गोंयकाराला ठाऊक नाही? 2014 च्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट कोंकणी चित्रपट ठरलेल्या बार्द्रॉय बार्रेतो यांच्या सिनेमाचं नावही तेच. पण तिथे नाव चिकटवलेलं वाटत नाही, कारण सिनेमा त्या गाण्यांचाच आहे. मुंबईच्या क्लबांतून वाजवणारे गोव्याचे वादक, त्यांचं प्रेम, त्यांची परवड, आणि त्यांच्या नावाचा कुठे उल्लेखही नसणं. थिएटरात गाणं सुरू झाल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या आजी नुसत्या रडत होत्या.

नाव उसनं घ्यायचं तर असं घ्यावं. ज्याचं घेतलं त्याची कैफियत पुढे मांडावी.

तिठ्यावरचा

दर्यागाज +१

कवी बाकीबाब बोरकरांची 'सरीवर सरी आल्या गं' आठवा. 2005 मध्ये 'सरीवर सरी' नावाचा सिनेमा आला तेव्हा आमच्या बोरीत म्हाताऱ्या माणसांनी पहिला प्रश्न केला, 'बाकीबाबांवर काढलाय काय?' गोव्यात एखादी ओळ अर्धी म्हणून सोडता येत नाही. ऐकणारा ती पुरी करतो.

फोंड्याचा पाऊस

कायद्याच्या बाजूनं थोडं, कारण मंडळात तोही प्रश्न निघेलच.

नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट मिळत नाही. 'देसी बॉईज' या सिनेमाच्या नावावरून झालेल्या कृषिका लुल्ला विरुद्ध श्याम विठ्ठलराव देवकट्टा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. फिर्यादीचं म्हणणं होतं की नाव माझ्या कथेचं होतं. न्यायालय म्हणालं, एरवी नाव म्हणजे स्वतंत्र साहित्यकृती नव्हे, त्यावर असा हक्क सांगता येत नाही. दुसऱ्याचं नाव वापरून 'हे त्यांचंच आहे' असा लोकांचा गैरसमज करून दिला तर गोष्ट वेगळी. सिनेमावाले निर्मात्यांच्या संघटनांकडे नावं नोंदवतात, पण ती आपापसातली शिस्त झाली. जत्रेतल्या नाटकाला तिचा जाच नाही.

पद मात्र वेगळं. पद ही साहित्यकृती आहे आणि चाल ही संगीतकृती. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतो, संगीतकाराचंही तसंच. अभिषेकी 1998 मध्ये गेले. तेव्हा मास्तर म्हणतात तसं पद नाटकात म्हणायचं असेल तर परवानगी मागा. धार्मिक समारंभात वाजवण्याला कायद्यात काही सवलती आहेत, पण नव्या नाटकात दुसऱ्याचं पद गुंफणं त्यात सरळ बसतं असं मी म्हणणार नाही. विचारून घेणं सगळ्यात चांगलं. नीट पत्र लिहिलं तर नाटकवाल्यांची घरं गावच्या मंडळाला सहसा नाही म्हणत नाहीत.

रंगपट

कायदा बाजूला राहू दे, माझा प्रश्न तसाच आहे. चाफेकळी आणि दर्यागाज यांची उदाहरणं मला पटली, कारण त्या नावांमागे नातं आहे. आशालताबाईंचं स्वतःच्या पदाशी, त्या सिनेमाचं त्या वादकांशी.

संतांच्या ओळी घेणाऱ्यांनाही हेच विचारायला हवं. ज्ञानदेव म्हणतात, 'अवघाचि संसार सुखाचा करीन, आनंदें भरीन तिन्ही लोक.' 1960 मध्ये अनंत माने यांचा 'अवघाची संसार' आला. 2006 मध्ये मालिका आली, त्यात अमृता सुभाषची आसावरी नवऱ्याचा छळ वर्षानुवर्षं सोसते. त्या मालिकेला मी नावं ठेवत नाही, अमृता सुभाष आणि प्रसाद ओक दोघांनीही कामं जीव ओतून केली. पण 'सुखाचा करीन' हा निश्चय नावातून गळला आणि नुसता 'संसार' उरला. आमच्याकडे एकादशीला भजनात हा अभंग होतो. पखवाजावर 'तिन्ही लोक' येतं तेव्हा सगळं देऊळ एका सुरात असतं. त्या अभंगाची अर्धी ओळ घेणाऱ्यानं उरलेल्या अर्ध्याला काहीतरी उत्तर द्यावं, एवढंच माझं मागणं आहे.

रामदासांची 'लेकुरे उदंड जाली' ही दासबोधातली ओवी पोरं वाढली आणि घरातली लक्ष्मी निघून गेली याबद्दलची, दारिद्र्याची. कानेटकरांनी ती घेऊन हसतं-गातं नाटक केलं. ओळ तीच, सूर पार उलटा, आणि प्रेक्षकाला दोन्ही ठाऊक असल्यानं गंमत दुप्पट. तिथे ओळ वापरली गेली असं मी म्हणेन, नुसती उचलली असं नाही.

तर खाडीवारा, तुमच्या नाटकाचं 'मत्स्यगंधा'शी काय नातं? होडीवाल्याची लेक आणि बाहेरून आलेला पुरुष एवढ्या साम्यावर भागणार नाही.

खाडीवारा

सगळ्यांचे आभार. देव बरें करूं.

रंगपट, प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी देण्यापेक्षा जिनं लिहिलंय तिनं द्यावं म्हणून लेखिकेलाच इथे यायला सांगितलंय. खाली तिची प्रतिक्रिया येईल. नवीन सदस्य आहे, सांभाळून घ्या.

नवी होडी

नमस्कार. इथे सगळे माझ्याहून मोठे आहात, म्हणून जरा दबकतच लिहितेय.

पद मी पहिल्यांदा घरीच ऐकलं. बाबा सकाळी होडी धुताना रेडिओ लावायचे, पणजी आकाशवाणी. एकदा हे पद लागलं होतं आणि आईनं विचारलं, हे कोण कुणाला म्हणतं? बाबांनी सांगितलं, पराशर ऋषी होडीतल्या पोरीला. मग आई म्हणाली, 'आनी ती कितें म्हणटा?' बाबांकडे उत्तर नव्हतं.

नंतर मी महाभारतातली कथा वाचली. तिच्या अंगाला मासळीचा वास म्हणून ती मत्स्यगंधा. नदीवर होडी चालवते. पराशर येतो, तिच्या अंगाचा वास बदलून सुगंध करतो, बेटावर व्यासांचा जन्म होतो आणि ऋषी निघून जातो. ती योजनगंधा होते, पुढे सत्यवती, हस्तिनापूरची राणी. कानेटकरांच्या नाटकात तिची पुढची वाटचाल आहेच, देवव्रताच्या प्रतिज्ञेपर्यंत. त्या नाटकाहून मोठं काही मला म्हणायचं नाही.

मला फक्त एवढं वाटलं की माझ्या गावातली नुस्तेंकान्न, म्हणजे मासळीवाली, राणी होणार नाही. तिच्या अंगाचा मासळीचा वास कुणी वर देऊन घालवणार नाही, आणि तो घालवायची तिला गरजही नाही, त्या वासावरच घर चाललंय. तो मुलगा गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे ती बाजाराला जाते की नाही, तिथून माझा दुसरा अंक सुरू होतो. ती जाते. बांगडे वाटे करून मांडते. शेजारची बाई काहीच विचारत नाही, नुसता आपला बर्फ तिच्या टोपलीत ओतते. तो प्रवेश लिहिला तेव्हा मला नाटक सापडलं.

पदाचं म्हणाल तर पहिल्या अंकात तो मुलगा होडीत बसून फक्त पहिली अर्धी ओळ गुणगुणतो. त्याला पुढची येत नाही. तिला अख्खं पद येतं, बापाच्या रेडिओमुळे, पण ती म्हणून दाखवत नाही. नाटकाचा शेवट 2011 सालात ठेवलाय. तिसऱ्या अंकात शेजारच्या घरात टीव्हीवर नवीन मालिका सुरू होते आणि कुणीतरी आतून तिला हाक मारतं, 'अगे, यो, गुंतता हृदय हे लागलें!' ती उंबऱ्याशी येऊन थांबते. तो जाऊन दोन पावसाळे झालेत. त्यानं गुणगुणलेली अर्धी ओळ आता सगळ्या वाड्याच्या तोंडी आहे, लोक जेवताना ती बघतात. त्या क्षणी तिला काय होतं, ते करून दाखवायचं काम आमच्या अभिनेत्रीचं.

म्हणजे फळ्यापाशी लोक 'टीव्हीवरचंच ना?' विचारतात ते मला हवंच आहे. तेच विचारत ते नाटकाला येऊन बसतील.

मास्तर, पद आहे. शेवटी ती ते पुरं म्हणते, पेटीशिवाय, जाळं विणता विणता, स्वतःसाठी. वन्समोअर येऊ नये असं लिहिलंय, पण देऊळ तुमचं आहे.

अबोली

'शेजारची बाई आपला बर्फ तिच्या टोपलीत ओतते.' मी हे वाक्य वाचून थांबले. नाव अजिबात बदलू नका.

रंगपट

माझं म्हणणं मागे. आधी वाटलं होतं नाव जाहिरातीसाठी घेतलंय. इथे मालिकाही नाटकात आहे, पदही आहे आणि ज्याचं उत्तर कानेटकरांनी राणीकडून घेतलं त्याचं उत्तर ही मुलगी बाजारातून घेतेय. अर्ध्या ओळीचं सांगाल तर मी तक्रार करत होतो ती गोष्ट हिनं सरळ रंगमंचावर आणली आहे.

एकच सूचना. तो मुलगा वाईट माणूस म्हणून रंगवू नका. पराशर वाईट नव्हता. ज्याला पुढची ओळ येत नाही असा चांगला मुलगा जास्त दुखावतो.

चाफेकळी

रंगपटशी पूर्ण सहमत. आणि हस्तपत्रकावर नावाखाली लहान अक्षरात तरी मूळ पदाचा उल्लेख करा. कानेटकर, अभिषेकी, रामदास कामत तिघांचीही नावं. दूरदर्शनच्या पडद्यावर ओळी येतात आणि ज्यांच्या आहेत त्यांची नावं कुठेच दिसत नाहीत, ते गावच्या नाटकानं करू नये. 2022 मध्ये कामत गेले. जत्रेत त्यांचं नाव लागलं तर साखळीकरांनाही बरं वाटेल.

फोंड्याचा पाऊस

पद अखेरीस पूर्ण म्हटलं जाणार आहे, तेव्हा परवानगीचं पत्र आजच लिहायला घ्या. नाटकाचं नाव, प्रयोगाची तारीख, तिकीट नाही हे, आणि पद कोणत्या प्रवेशात कसं येतं हे स्पष्ट लिहा. मसुदा मला निरोपातून पाठवा, बघून देतो. लेखिकेलाही एक सांगतो: तुमच्या संहितेची नोंद कॉपीराइट कार्यालयात करून ठेवा. नोंद सक्तीची नसते, पण उद्या कुणी हे नाटक दुसऱ्या गावात बसवलं तर कागद हाताशी असलेला बरा.

तिठ्यावरचा

बोरीहून एक गाडी भरून येतो आम्ही. तारीख टाका.

खाडीवारा

काल रात्री देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. हा धागा मी मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवला. ज्येष्ठांपैकी ज्यांचा सगळ्यात कडक विरोध होता त्यांनी लेखिकेची प्रतिक्रिया दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, 'नाव राहू दे. पण कामतांचं नाव माझ्या नावाच्या वर घाला.' ते मंडळाचे अध्यक्ष आहेत.

हस्तपत्रकाचा मजकूर असा ठरला: वर देवीचं नाव, मग 'गुंतता हृदय हे', त्याखाली 'नवे तीन अंकी नाटक', आणि त्याखाली 'शीर्षक: वसंत कानेटकर यांच्या मत्स्यगंधा नाटकातील पदावरून. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी, मूळ गायक पं. रामदास कामत'. मालिकेचा उल्लेख पत्रकावर नको असं ठरलं, तो नाटकातच येतो.

परवानगीचं पत्र लिहिलंय, फोंड्याचा पाऊस यांना पाठवतो. परवानगी आली नाही तर शेवटच्या प्रवेशात ती पद न म्हणता नुसती जाळं विणते, असा पर्यायही लेखिकेनं लिहून ठेवलाय. मला स्वतःला पद हवंय.

मास्तर, ती पेटीशिवाय म्हणणार हे खरं, पण तालमीत तिला सूर धरून द्यायला कुणीतरी हवं. आमच्या गावातली पेटी चवथीच्या आरत्या वाजवून पार सुटलीय. तुम्ही याल का?

मधला स्वर

येतो. रविवारी सकाळच्या फेरीनं पेटी घेऊनच येईन, संध्याकाळी परत सोडा. मुलगी कोणत्या पट्टीत गाते ते आधी कळवा, आणि जमलं तर तिच्या आवाजातली एक ओळ फोनवर पाठवा. मुलाची अर्धी ओळही त्याच पट्टीत बसली पाहिजे, नाहीतर शेवटी ती गाईल तेव्हा लोकांना ती ओळ त्याची म्हणून आठवणार नाही. त्याला वेगळा सूर देऊ नका.